वरळीचा किल्ला कोणाकडे बघत उभा आहे?

(वरळी कोळीवाड्यात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न घेतले आहेत.)

मागे आवाज येतोय ना? पंखा जरा कमी केलात तर बरं होईल, नाहीतर माझे कागद उडतील.

विषय आहे पोर्तुगीजांचे किनारी किल्ले. पण मी सुरुवात करणार आहे माझ्या एका जुन्या चुकीपासून. शिकवायला लागलो त्या काळात मी दरवर्षी मुलांना घेऊन इथे यायचो. कोळीवाड्याच्या गल्ल्यांतून, वाळत घातलेल्या बोंबलांच्या बाजूनं टोकापर्यंत जायचं आणि किल्ल्यात उभं राहून सांगायचं, 'मुलांनो, हा पोर्तुगीजांचा किल्ला.' सगळे तसंच म्हणायचे, मीही म्हणायचो. एके वर्षी एका मुलीनं समोर बोट दाखवून विचारलं, 'सर, ते बांद्रा. तिथेही पोर्तुगीजांचाच किल्ला आहे असं तुम्ही मगाशी म्हणालात. मग त्यांनी स्वतःच्याच किल्ल्यासमोर दुसरा किल्ला कशाला बांधला?'

मला उत्तर देता आलं नाही. काहीतरी बोललो, 'संरक्षणासाठी' वगैरे. (हशा) घरी जाऊन पुस्तकं काढली तेव्हा कळलं की चूक माझीच होती. वरळीचा किल्ला पोर्तुगीजांचा नव्हे. तो इंग्रजांनी बांधला, साधारण १६७५ च्या सुमाराला, जेरल्ड आँजियर मुंबईचा गव्हर्नर असताना. पण मला खरी महत्त्वाची वाटते ती त्या मुलीची शंका. त्या एका प्रश्नातून या किनाऱ्यावरच्या सगळ्या किल्ल्यांची गोष्ट उलगडते. म्हणून आज आपण तोच प्रश्न घेऊन बसू.

आधी पोर्तुगीज किल्ले कसे बांधत आणि कुठे बांधत, ते पाहू.

आपल्याकडे किल्ला म्हटलं की डोळ्यांसमोर डोंगर येतो. राजगड, रायगड. खालचा मुलूख राखायचा म्हणून उंच जागा धरायची. पोर्तुगीजांचा हिशेब वेगळा होता. त्यांची माणसं थोडी, देश हजारो मैल लांब, आणि पैसा जमिनीपेक्षा पाण्यावरून यायचा. समुद्रावरून जाणाऱ्या जहाजानं त्यांच्याकडून परवाना घ्यायचा. त्याला ते कार्ताझ म्हणत. कोणतं जहाज, तांडेल कोण, माल काय, हत्यारं किती, हे त्यात लिहिलेलं असे. परवाना नसेल तर जहाज धरायचं. आणि परवाना घेतला की त्यांच्या बंदरात येऊन जकात भरणं आलंच. थोडक्यात, रस्ता सगळ्यांचा आणि टोलनाका यांचा.

मग टोलनाका कुठे बसवायचा? जिथून प्रत्येकाला जावंच लागतं तिथे, म्हणजे खाडीच्या तोंडाशी. आता नकाशा आठवा आणि उत्तरेकडून खाली या. दमणगंगेच्या मुखाशी दमण. वैतरणेच्या मुखाशी अर्नाळा. उल्हास नदी समुद्राला मिळते तिथे वसई. मालाडच्या खाडीच्या तोंडाशी मढ-वेसाव्याचा किल्ला. माहीमच्या खाडीशी बांद्रा. आणि पार दक्षिणेला कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा, म्हणजे त्यांचं चौल. केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू असे लहानमोठे किल्ले मधे मधे आहेतच. दीव, दमण, वसई आणि चौल मिळून जो पट्टा झाला त्याला ते 'उत्तर प्रांत' म्हणत. आपल्या मराठी कागदांत वसईकडच्या त्यांच्या मुलखाचं नाव येतं 'फिरंगाण'. मला हा शब्द फार आवडतो. एका शब्दात सगळं कळतं.

वसई त्यांच्याकडे आली १५३४ च्या डिसेंबरात. गुजरातचा सुलतान बहादूरशहा तेव्हा हुमायूनच्या धास्तीनं बेजार झाला होता. त्यानं पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्याशी तह करून वसई आणि तिच्याखालचा मुलूख देऊन टाकला. त्या मुलखात आपली मुंबईची बेटंही होती. त्यांना कुणी वेगळं विचारात घेतलं असेल असं वाटत नाही. मुख्य वस्तू वसई, बेटं तिच्याबरोबर गेली.

आता चौलकडे जरा थांबू या, कारण वरळीचं उत्तर तिथे सापडतं.

रेवदंड्याला पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीनं किल्ला बांधला. तो कुंडलिकेच्या उत्तर तीरावर. दक्षिण तीरावर पाण्यात घुसलेला एक डोंगर आहे, कोर्लईचा. सुरुवातीला पोर्तुगीजांचं ठीक चाललं. मग निजामशहाशी बिनसलं, आणि १५९० नंतर निजामशाही सैन्यानं त्या कोर्लईच्या डोंगरावर तटबंदी करून तोफा चढवल्या. समोर खाली रेवदंडा. विचार करा, तुमचं घर रस्त्याच्या एका बाजूला आहे आणि समोरच्या गच्चीवर शत्रू बसलाय. तुमची भिंत कितीही जाड असो, काय उपयोग? १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी निकरानं हल्ला करून कोर्लई घेतली आणि मग ती सोडली नाही. खाडीचं एक तोंड धरायचं असेल तर दुसरं तोंड शत्रूकडे जाऊ द्यायचं नाही, हे त्यांना तिथे फार महागात पडून कळलं. जाता जाता एक सांगतो. कोर्लई गावात आजही पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून झालेली बोली घराघरांत बोलली जाते. राज्य जाऊन पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली, बोली राहिली.

हा धडा घेऊन आता माहीमच्या उपसागरात या.

बांद्र्याचा किल्ला १६४० चा. दरवाजावरच्या शिलालेखातच साल आहे. त्याचं नाव 'कास्तेला द आग्वादा'. आग्वादा म्हणजे पाणी भरून घ्यायची जागा. तिथे गोड्या पाण्याचा झरा होता, जहाजं पाण्यासाठी थांबत. गोव्यातला १६१२ चा आग्वादही त्याच अर्थाचा. दर्यावर खारं पाणी हवं तेवढं, पण पिण्याच्या पाण्याचं पिंप रिकामं झालं की कितीही मोठा कप्तान असो, त्याला किनाऱ्याला यावंच लागतं. हे इथल्या नाखवांना मी सांगायची गरज नाही.

तेव्हा वरळी कोणाची होती? पोर्तुगीजांचीच. १५४५ ते १५४८ च्या दरम्यान व्हाइसरॉय जुआंव द कास्त्रोनं परळ, वडाळा, शीव आणि वरळी मानुएल सेर्रांव नावाच्या माणसाला लावून दिली होती. माझगाव वेगळ्या माणसाला, मुंबईचं मुख्य बेट पुढे गार्सिया द ओर्ताला. हा ओर्ता म्हणजे वैद्य, इथल्या औषधी वनस्पतींवर त्यानं लिहिलेलं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. असो. मुद्दा असा की वरळी शंभराहून जास्त वर्षं पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. बांद्रा त्यांचं, माहीम त्यांचं, वरळीही त्यांचीच. उपसागराच्या दोन्ही बाजू एकाच मालकाच्या. मग वरळीच्या टोकाला किल्ला कशाला लागतो? एकाच घराच्या दोन खोल्यांमधे कुणी टाळं लावतं का? बांद्र्याचा एक किल्ला पुरेसा होता.

त्या मुलीच्या प्रश्नाचं पहिलं अर्धं उत्तर हे. पोर्तुगीजांना इथे किल्ल्याची गरजच नव्हती.

मग ती गरज निर्माण कशी झाली? एका लग्नानं. १६६१ च्या तहात पोर्तुगालच्या राजकन्येचं, कॅथरीन ब्रागांझाचं, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं आणि आंदणात मुंबई दिली गेली, हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. शाळेत जे नसतं ते असं की मुंबई म्हणजे नेमकं काय, याच्यावर दोन्ही पक्षांचं एकमत नव्हतं. इंग्रज म्हणत होते मुंबई म्हणजे आजूबाजूचं सगळं. गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो इ कास्त्रो म्हणत होता, एक बेट, बस्स. तो तर देणारच नव्हता. इंग्रज इथे आले की आपला हिंदुस्थान गेला, असं त्यानं आपल्या राजाला कळवळून लिहिलं. ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन आणि त्याचे सैनिक अंजदीव बेटावर वाट बघत बसले. तिथे रोगराईनं बहुतेक मेले, शिपमनही गेला. शेवटी १६६५ च्या फेब्रुवारीत त्याचा चिटणीस हम्फ्री कूक यानं फक्त मुंबईच्या बेटापुरता ताबा घेतला. कागदावर माहीम, परळ, वरळी त्यात नव्हती. कूकनं थोड्याच दिवसांत माहीम वगैरे बळकावलंच. पोर्तुगीज ओरडत राहिले.

आणि इथे सगळं बदललं. काल जी एका घराची दोन दारं होती, ती आज दोन शेजाऱ्यांची झाली. शेजारीही भांडणारे. सीमा कुठे? पाण्यात. माहीमच्या उपसागरात आणि तिथून आत शीवपर्यंत जाणाऱ्या खाडीत. 'शीव' या शब्दाचा अर्थच वेस, हद्द. आपण रोज शीवला गाडी बदलतो, पण तो शब्द काय सांगतोय ते ऐकत नाही.

१६६८ मध्ये चार्ल्सनं मुंबई कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्यानं दिली. पुढच्या वर्षी आँजियर आला. त्याच्या डोक्याला ताप किती होते बघा. १६७३ मध्ये डच आरमार थेट मुंबईसमोर येऊन उभं राहिलं. जंजिऱ्याच्या सिद्द्याची जहाजं वारंवार येत होती. आणि पोर्तुगीज, वरून मित्र, पण मुंबईहून कल्याणकडे माल न्यायचा तर ठाण्याला आणि कारंजाला त्यांची जकात. या सगळ्यात वरळीच्या टोकाला किल्ला उभा राहिला.

आता एकटा वरळीचा किल्ला बघू नका. रांग बघा. वरळी, माहीम, धारावीचा काळा किल्ला, शीव, शिवडी, माझगाव. पश्चिमेच्या समुद्रापासून पूर्वेच्या खाडीपर्यंत मुंबईच्या डोक्यावर गुंडाळलेलं जणू फडकंच. यातले पश्चिम आणि उत्तरेकडचे चार किल्ले बघतात कुठे? बांद्र्याकडे आणि साष्टीकडे, म्हणजे फिरंगाणाकडे. रेवदंड्यासमोर जशी कोर्लई, तशी बांद्र्यासमोर वरळी. फरक एवढाच की इथे दोन तोंडं दोन मालकांकडे राहिली, दीर्घकाळ.

कुणी म्हणेल, वरळीवरून तोफ डागून बांद्र्याला लागली असती का? नाही. त्या काळच्या तोफेचा मारा एवढ्या अंतरावर भरवशाचा नव्हता. आणि किल्ला केवढासा? तुम्ही रोज बघता. त्यात मोठी फौज राहूच शकत नाही. तो किल्ला डोळ्यांसाठी होता. उपसागरात कोणतं शीड शिरतंय, ते आपलं, फिरंग्याचं, सिद्द्याचं की चाच्यांचं, हे आधी कळावं आणि बातमी माहीमला, पुढे कोटात जावी. किल्ल्यावर घंटेची जागा आहे ती पाहिलीत ना? घंटा दिसली की आपण लगेच म्हणतो चर्च, म्हणजे पोर्तुगीज. मला वाटतं, निम्मा गोंधळ त्या घंटेनंच केलाय. पहाऱ्याच्या ठिकाणी घंटा इशाऱ्यासाठीही लागते.

खरा पोर्तुगीज किल्ला बघायचाच असेल तर एक रविवार काढून वसईला जा. तिथे तटाच्या आत आख्खं शहर होतं. चर्च, मठ, रुग्णालय, तुरुंग, मोठी घरं. एक दरवाजा समुद्राकडे, एक जमिनीकडे. आणि बुरूज नीट बघा. आपले जुने बुरूज बहुधा गोल. गोल बुरुजाच्या अगदी पायथ्याशी, समोरच्या बाजूला, अशी एक फट राहते जिथे शेजारच्या बुरुजावरून मारा पोचत नाही. शत्रू तिथे येऊन बसला की खाली सुरुंग खणायला मोकळा. वसईचे बुरूज बाणाच्या टोकासारखे कोनात बाहेर काढलेत, एकाची बाजू दुसऱ्याच्या तोफेच्या रेषेत येते. लपायला जागा नाही. युरोपात तोफा आल्यानंतर निघालेली ही तऱ्हा. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या माणसांनी त्या बुरुजांखाली सुरुंग लावताना काय सोसलं असेल, ते त्या कोनात उभं राहिल्यावर थोडं तरी कळतं.

वसईच्या मोहिमेनं आपल्या वरळीचं काय केलं, ते फार कमी सांगितलं जातं. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि साष्टी त्यांच्या हाती गेली. त्याच वर्षी इंग्रजांनी धारावीचा काळा किल्ला बांधला. गव्हर्नर जॉन हॉर्नचं नाव आणि १७३७ हे साल तिथल्या पाटीवर आहे. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. बांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनी त्याच वर्षी तो बराचसा पाडून टाकला. बांद्र्याला आज जे दिसतं ते उरलंसुरलं आहे. आणि त्याच सुमाराला मुंबईच्या व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी काढली, कोटाभोवती खंदक खणायला. वरळीचा किल्ला मात्र होता तिथेच होता, तोंड तिकडेच. समोरचा फक्त बदलला. काल फिरंगी, आज मराठे.

१७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणं आणि साष्टी घेतली. सीमा पुसली गेली, आणि वरळीच्या किल्ल्याचं खरं काम त्या दिवशी संपलं. उपसागराच्या दोन्ही बाजू परत एकाच मालकाच्या झाल्या. दहाएक वर्षांत, १७८४ च्या सुमाराला, हॉर्नबी वेलार्डचा बांध पुरा होऊन वरळी मुंबईला जोडलीही गेली.

बोलायचं ते बोललो. आता प्रश्न.

श्रोता : सर, इथे येणाऱ्या पाहुण्यांना आमची मुलं सांगतात 'पोर्तुगीज फोर्ट'. तसं सांगितलं की लोक खूश होतात. बदलायचं का?

बदला. आणि लोक जास्त खूश होतील याची मी खात्री देतो. त्यांना तटावर नेऊन बांद्र्याकडे तोंड करून उभं करा आणि म्हणा, 'पोर्तुगीज किल्ला तो, समोर. हा त्याच्यावर नजर ठेवायला इंग्रजांनी बांधलेला.' दोन किल्ल्यांची गोष्ट एका जागेवरून सांगता येते, असं ठिकाण मुंबईत दुसरं मला माहीत नाही.

श्रोता (वयस्कर, होडीवाले) : फिरंगी आले, इंग्रज आले, ते तुम्ही सांगितलं. आम्ही त्याच्या आधीपासून आहोत. आमचं नाव कुठाय यात?

बरोबर बोललात, नाखवा, आणि मला हे टोचतं. ज्या कागदांवरून मी हे सगळं बोललो ते मालकांचे कागद आहेत. वरळी कुणाला लावून दिली त्याचं नाव मिळतं, ज्यांच्या जाळ्यातून तो सारा निघत होता त्यांची नावं मिळत नाहीत. पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी त्या कागदांत नाही. या तोंडातून आत-बाहेर कसं जायचं, खडप कुठे आहे, भरतीला कुठून आणि ओहोटीला कुठून. किल्लेवाले त्या वाटेवर नुसती नजर ठेवत होते, चालवत होतात तुम्ही. परवापरवाचंच बघा. कोस्टल रोडच्या पुलाचे खांब क्लीव्हलँड बंदरासमोर येणार होते, मधलं अंतर ६० मीटर. तुम्ही २०० मागितले, पाण्यात उतरून काम अडवलंत, आणि शेवटी १२० मीटर ठरलं. वाऱ्यात होडी किती सरकते हे आराखड्याच्या कागदावर नव्हतं, तुम्हाला ठाऊक होतं. या तोंडातून कोण जाणार आणि किती जागा ठेवून, हा वाद १६६५ पासून चालू आहे. त्यात तुमची बाजू लिहून ठेवली गेली ती बहुधा पहिल्यांदा आत्ता. जुन्या माणसांकडून खुणा, वाटा, खडपांची नावं विचारून वहीत उतरवून ठेवा, एवढंच मागणं आहे. मी लिहून घ्यायला येतो.

श्रोती (मासळी विक्रेत्या) : मग पोर्तुगीजांचं आमच्यात काहीच राहिलं नाही म्हणायचं?

राहिलं की, मावशी! किल्ला नाही, पण शब्द आहेत. मगाशी मी 'आरमार' म्हणालो, तो त्यांचा. पाण्याचं 'पिंप' त्यांचं. 'तुरुंग', 'पगार', 'चावी', 'साबण' हेही. आणि सकाळी भाऊच्या धक्क्यावर तुम्ही ज्यासाठी धावता तो 'लिलाव', तोसुद्धा.

श्रोती : बघा! म्हणजे रोज पहाटे चार वाजता आम्ही पोर्तुगीज बोलतो. (हशा, टाळ्या)

बोलता, आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलता. चला, पाणी ओसरलंय. ज्यांना यायचंय त्यांनी चपला घट्ट बांधा, किल्ल्याच्या मागच्या खडपावर शेवाळ आहे.